गुंठे विकण्याआधी: न जुळणारं हाड आणि 'जीन चालू करायचं' इंजेक्शन

पत्र: डॉक्टर, माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा. आठ महिन्यांपूर्वी हायवेवर मोटारसायकल घसरून उजव्या पायाची नडगी मोडली, हाड बाहेर आलं होतं. त्याच रात्री ऑपरेशन करून रॉड घातला. जखम भरली, पण हाड काही धरलं नाही, एक्स-रेत फट अजून दिसते. आमचे डॉक्टर म्हणतात, पुन्हा ऑपरेशन करून कमरेचं हाड काढून तिथं भरावं लागेल. भावाला परत चिरफाड नको. त्याच्या मित्राने शहरातल्या एका क्लिनिकची माहिती आणली. ते म्हणतात, "हाड तयार करणारे जीन बंद पडलेत, स्टेम सेलची तीन इंजेक्शनं देऊन आम्ही ते चालू करतो." खर्च साडेचार लाख. त्यासाठी दहा गुंठे विकायचं घरात चाललंय. आत्या म्हणते आपल्या घराण्यातच हाडं कच्ची, वडिलांचाही हात मोडला होता. भावाच्या लग्नाचं बघतोय, तर आधी जीनची टेस्ट करावी का? तो पाय टेकवायला घाबरतो, कुबड्यांवरच असतो. दुखलं की मेडिकलमधून गोळी आणतो. आणि आईला माहीत नाही, पण दिवसाला सात-आठ सिगरेटी ओढतो.
एक बहीण, कराड तालुका

ताई,

जमीन विकू नका. बाकीचं सविस्तर सांगतेच, पण इसाराची बोलणी सुरू झाली असतील तर ती आजच थांबवा.

क्लिनिक, स्टेम सेल, जीन हे सगळं तुम्ही वर लिहिलंत आणि शेवटी जाता जाता तीन गोष्टी टाकल्यात: पाय टेकवत नाही, मेडिकलच्या गोळ्या घेतो, सिगरेट ओढतो. माझ्या लेखी तुमचं पत्र तिथून सुरू होतं. मी हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे शिकाऊ डॉक्टर होते तेव्हा न जुळलेल्या हाडाचा पेशंट आला की आमचे सर एक्स-रे उजेडात धरायच्या आधी त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बघायचे. पाकीट दिसलं की म्हणायचे, "निम्मं निदान झालं, आता फोटो दाखवा." आम्हाला तो विनोद वाटायचा. पुढे काही वर्षं प्रयोगशाळेत हाडाच्या पेशी वाढवायचं काम केलं तेव्हा कळलं, सर विनोद करत नव्हते.

आता त्या क्लिनिकचं म्हणणं. ते धादांत खोटं असतं तर बरं झालं असतं, एका ओळीत उत्तर संपलं असतं. पण ते अर्धं खरं आहे. जनुकं, म्हणजे तुमचे 'जीन', चालू-बंद होतात हे खरं. हाड जुळायला ठरावीक जनुकं जागी व्हावी लागतात हेही खरं. उंदरांच्या पायातलं बीएमपी-२ नावाचं एक जनुक काढून टाकलं तर त्यांची हाडं तयार होतात, पण पुढे आपोआप मोडतात आणि मोडलेलं हाड जुळायला सुरुवातच होत नाही. हे २००६ साली दिसून आलं. म्हणजे हाड जुळण्याची पहिली ठिणगी तिथं आहे. मग ते जनुक चालू करणारं इंजेक्शन का घेऊ नये?

तुम्ही कराडकडच्या, उसाच्या भागातल्या. दारं धरणं मी तुम्हाला शिकवायला नको. पाटाला पाणी आलं म्हणून ऊस येत नाही. कुठल्या सरीला कधी पाणी सोडायचं, किती वेळ सोडायचं आणि कधी माती टाकून बुजवायचं, यात सगळी अक्कल असते. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळीच्या सगळी जनुकं असतात. तुमच्या गालाच्या कातडीतही हाड तयार करायची सूचना आहे, फक्त ते दार बुजवलेलं आहे. तिथे डीएनए प्रथिनांच्या रिळांवर घट्ट गुंडाळून ठेवलेला असतो, त्यावर छोट्या रासायनिक खुणा असतात, की इथलं वाचू नका. कोणत्या पेशीत, कोणत्या दिवशी, कोणतं जनुक किती वाचायचं, या कारभाराला जनुकांचं नियमन म्हणतात. क्लिनिकवाले पाण्याबद्दल बोलतायत. मला दारांबद्दल बोलायचंय.

हाड मोडलं की तिथं रक्त साकळतं. बारीक रक्तवाहिन्या तुटलेल्या असतात, प्राणवायू कमी पडतो. आपल्याला हे वाईट वाटतं, पण शरीराला मिळालेला हा पहिला निरोप असतो. एचआयएफ नावाचं एक प्रथिन एरवी तयार होता होताच मोडीत निघत असतं. प्राणवायू घटला की ते टिकतं, पेशीच्या केंद्रकात जातं आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारं जनुक जागं करतं. त्याच सुमाराला सूज येते. सूज म्हणजे नुसता त्रास नव्हे, त्यात कॉक्स-२ या जनुकाचं काम चालू असतं आणि त्यातून निघणारे पदार्थ हाडाच्या पेशींना हाक मारतात. ज्या उंदरांत हे जनुक नसतं, त्यांची हाडं उशिरा जुळतात. (वेदनाशामक गोळ्यांपैकी बऱ्याचशा नेमक्या इथंच काम करतात. त्याबद्दल पुढे.)

मग अस्थिमज्जेतून आणि हाडावरच्या पातळ आवरणातून मूळ पेशी (स्टेम सेल) जमा होतात. त्यांना अजून ठरवायचं असतं की आपण कोण होणार. जिथं हालचाल जास्त आणि रक्त कमी, तिथं सॉक्स-९ हे जनुक चढं राहतं आणि पेशी कूर्चा तयार करतात, कानाच्या वरच्या भागासारखी लवचिक. जिथं स्थिरता आहे, रक्त आहे, तिथं रन्क्स-२ आणि त्याच्या पाठोपाठ ऑस्टेरिक्स चढतं आणि सरळ हाड घातलं जातं. कूर्चाचं पुढे हाडात रूपांतर होतं आणि मग महिनोन्‌महिने ते ओबडधोबड हाड घासून-पुसून मूळच्या आकाराला आणलं जातं. नांगर, सरी, लागण, भरणी, तोडणी, तसा हा क्रम. भरणीच्या वेळी लागण करून चालत नाही.

रन्क्स-२ हे या सगळ्यात पाटलाच्या जागी आहे असं म्हणा. १९९७ मध्ये जगातल्या अनेक प्रयोगशाळांनी जवळपास एकदमच त्याची कामगिरी दाखवली. त्या जनुकाच्या दोन्ही प्रती काढलेली उंदराची पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांचा सांगाडा सगळा कूर्चाचा असतो, हाड नाहीच. छातीचा पिंजरा मऊ, श्वास घेता येत नाही आणि ती जन्मताच मरतात. माणसात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तर गळपट्टीचं हाड नीट तयार होत नाही. अशी माणसं दोन्ही खांदे छातीसमोर एकमेकांना टेकवू शकतात. मी एकदाच पाहिलंय, विसरले नाही.

हे वाचून कुणालाही वाटेल की मग रन्क्स-२ वाढवा की भरपूर. तेही करून झालंय. २००१ साली हाडाच्या पेशींत रन्क्स-२ सतत चढं राहील असे उंदीर तयार केले. त्यांची हाडं भक्कम व्हायला हवी होती. झालं उलटंच. पेशी पोरवयातच अडकल्या, पक्व झाल्या नाहीत, हाडं ठिसूळ झाली आणि ठिकठिकाणी मोडली. कारण कामाच्या सुरुवातीला जे दार उघडावं लागतं, तेच पुढच्या टप्प्यावर बुजवावंही लागतं. म्हणून "जीन चालू करतो" एवढंच वाक्य कुणी म्हणालं की मी विचारते: कुठल्या पेशीत, किती दिवस, आणि बंद कोण करणार?

माणसांवर हा धडा शिकायला खूप किंमत मोजावी लागली. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्ट या हाडांच्या डॉक्टरांनी एक साधा आणि अचाट प्रयोग प्रसिद्ध केला. हाडातला चुना आम्लाने काढून टाकला आणि उरलेला मऊ सांगाडा सशाच्या स्नायूत ठेवला. स्नायूत हाड उगवलं! म्हणजे त्या सांगाड्यात असं काहीतरी होतं जे शेजारच्या पेशींना "हाड व्हा" असं सांगत होतं. त्याला पुढे बीएमपी हे नाव पडलं. हाडात ते इतकं थोडं असतं की किलोभर हाडातून मोजके मायक्रोग्रॅम निघतात. १९८८ मध्ये त्याची मानवी जनुकं हाती लागली आणि मग ते कारखान्यात हवं तेवढं बनवता येऊ लागलं. २००२ मध्ये औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने बीएमपी-२ ला मणके जोडण्याच्या ऑपरेशनसाठी मान्यता दिली, २००४ मध्ये तुमच्या भावासारख्या नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी.

नडगीच्या ४५० रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत जास्त मात्रेच्या गटात पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचा धोका ४४ टक्क्यांनी कमी झाला होता. आम्ही सगळे हरखलो होतो. नंतर, हाडाची पोकळी कोरून जाड रॉड घालायच्या पद्धतीबरोबर तेच औषध वापरून पाहिलं तेव्हा तो फायदा दिसेना. रॉड नीट बसला की बीएमपी घाला न घाला, फारसा फरक पडेना. मणक्यात तर दुसरीच गोष्ट घडली. शरीर जे नॅनोग्रॅमच्या हिशेबात वापरतं ते आपण मिलिग्रॅमच्या हिशेबात ओतत होतो. मानेत वापरल्यावर घसा सुजून श्वास आणि गिळणं अडल्याच्या निदान ३८ तक्रारी आल्यावर २००८ मध्ये एफडीएला जाहीर इशारा द्यावा लागला. नको तिथं हाड वाढलं, कधी असलेलं हाडच विरघळलं. २०१३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी कंपनीच्या चाचण्यांची मूळ आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा मणका जोडण्यात कमरेच्या हाडापेक्षा त्याचा विशेष वरचढपणा निघाला नाही.

असं का व्हावं? बीएमपी पेशीला भेटलं की पेशी रन्क्स-२ वाढवते, पण त्याच वेळी नॉगिन नावाच्या दुसऱ्या जनुकालाही जागं करते. नॉगिनचं काम बीएमपीला धरून ठेवणं, बास म्हणणं. पाणी सोडणाऱ्यानेच बुजवणाऱ्यालाही सोबत बोलावून ठेवलेलं असतं. वर, बीएमपी हाड खाणाऱ्या पेशींनाही उत्तेजन देतं. नदीकाठच्या आपल्या जमिनी पाण्याच्या कमतरतेने क्षारपड झाल्या नाहीत, अति पाण्याने झाल्या. हे तुमच्या भागात कुणाला पटवून द्यावं लागणार नाही.

आता भावाच्या पायाकडे येऊ. तिथली दारं कोण धरून बसलंय?

पहिलं म्हणजे हालचाल. डावोसच्या संशोधन संस्थेतले स्टीफन पेरेन यांनी एक हिशेब मांडला होता जो आम्ही अजून विद्यार्थ्यांना शिकवतो. फटीतली नवी मऊ ऊती दुप्पट ताणली तरी तग धरते, कूर्चा साधारण १० टक्के ताण सहन करते, आणि हाड फक्त २ टक्के. फटीत त्याहून जास्त हालचाल होत असेल तर तिथं हाड टिकूच शकत नाही, पेशी कितीही उत्साही असोत. पेशींना हे कळतं. २००६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या संशोधकांनी एकाच मज्जेतल्या मूळ पेशी वेगवेगळ्या घट्टपणाच्या जेलवर ठेवल्या. कोणतंही वेगळं औषध नाही. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या होऊ लागल्या, स्नायूइतक्या घट्ट जेलवर स्नायूसारख्या, आणि सगळ्यात कडक जेलवर हाडासारख्या. पायाखाली चिखल आहे की कातळ, हे चाचपून पेशी आपली जनुकं वाचते. ऊती अभियांत्रिकी म्हणतात त्या शास्त्राचा निम्मा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे: पेशीला औषध देण्याआधी तिला नीट जमीन द्या.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: एक्स-रेत फटीच्या दोन्ही टोकांना हाड फुगून हत्तीच्या पायासारखं झालंय, की टोकं निमुळती, कोरडी पडलीयत? हत्तीचा पाय दिसत असेल तर जनुकं चालू आहेत, दणक्यात चालू आहेत, हाड घालायचा जिवापाड प्रयत्न चाललाय, फक्त जागा हलतेय. तिथं लागतो तो घट्टपणा: जाड रॉड, प्लेट, कधी नुसता एक स्क्रू काढून दोन टोकं एकमेकांवर दाबली जातील अशी सोय. अशा पायात "जीन चालू करायचं" इंजेक्शन म्हणजे भरलेल्या पाटात टँकर ओतणं. टोकं निमुळती असतील तर मात्र पेशी आणि रक्त कमी पडलंय, आणि मग कमरेच्या हाडाचा विषय येतो.

दुसरं म्हणजे भार. हाडाच्या आत कोंडून बसलेल्या पेशी असतात, त्या पावलागणिक येणारा दाब मोजतात. दाब येत राहिला की स्क्लेरोस्टिन हे प्रथिन कमी करतात. हे प्रथिन म्हणजे हाड घालण्यावरचा ब्रेक. पाय महिनोन्‌महिने अधांतरी राहिला की ब्रेक दाबलेलाच राहतो. म्हणून उद्यापासून पाय टेकव असं मात्र त्याला सांगू नका. किती वजन टाकायचं, ते आमच्या शास्त्रात किलोत ठरतं आणि ते त्याच्या डॉक्टरांनी रॉड बघून सांगायचं. पण विचारा. माझा अनुभव असा की पेशंटला "जपून" सांगितलेलं असतं आणि तो ते "अजिबात नाही" असं ऐकतो.

तिसरं, धूर. अमेरिकेतल्या आठ मोठ्या अपघात केंद्रांनी गंभीर जखमी पायांचा अभ्यास केला होता. त्यात उघड्या नडगीच्या फ्रॅक्चरमध्ये ओढणाऱ्यांचं हाड जुळण्याची शक्यता न ओढणाऱ्यांपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी निघाली आणि जंतुसंसर्गाचा धोका दुपटीहून जास्त. पूर्वी ओढून सोडलेल्यांतही शक्यता ३२ टक्क्यांनी कमीच होती, म्हणजे जुनी सवय लगेच माफ होत नाही, पण म्हणूनच एक दिवसही लांबवू नये. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. सिगरेटऐवजी तंबाखू-मशेरी चालेल का, असं तो विचारेल. नाही. निकोटिन तेच.

चौथं, लपलेला जंतुसंसर्ग. हाड बाहेर आलं होतं ना? मग जखम वरून कोरडी झाली तरी आत जंतू धुमसत असू शकतात, आणि सततच्या त्या धुमसण्यात हाड बांधणारी जनुकं दबून राहतात. सीआरपी, ईएसआर या साध्या रक्ततपासण्या कराव्यात. पुन्हा ऑपरेशन झालंच तर फटीतल्या ऊतीचे नमुने कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, पाठवायला सांगा. मेख इथं आहे: आत जंतू असताना बाहेरून पेशींचं इंजेक्शन टोचणं नुसतं निरुपयोगी नाही, घातक ठरू शकतं.

आणि ड जीवनसत्त्व, साखर, थायरॉइड. हाड न जुळलेल्या ३७ निवडक रुग्णांची हार्मोनतज्ज्ञांकडून तपासणी केली तर ३१ जणांत काही ना काही बिघाड सापडला, बहुतेकांत ड जीवनसत्त्वाची कमतरता. साडेचार लाखांपुढे या तपासण्यांचा खर्च किरकोळ.

गोळ्यांचं थोडक्यात. कॉक्स-२ वर काम करणाऱ्या वेदनाशामकांनी माणसात हाड जुळणं किती लांबतं यावर एकमत नाही, पण न जुळलेल्या हाडावर डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने त्या घेणं शहाणपणाचं नाही. गोळीचं पाकीट डॉक्टरांना दाखवा.

आता कमरेचं हाड, ज्याची तुमच्या भावाला एवढी धास्ती वाटते. ताई, त्या क्लिनिकच्या माहितीपत्रकातलं सगळं चकचकीत शास्त्र ज्या गोष्टीची नक्कल करू पाहतंय, ती गोष्ट तुमचे डॉक्टर त्याला देऊ करतायत. कमरेच्या हाडात जिवंत पेशी आहेत, त्यांना उभं राहायला योग्य कडकपणाची जाळी आहे, आणि त्या जाळीत बीएमपीपासून नॉगिनपर्यंत सगळे निरोप निसर्गाने मोजून ठेवलेल्या मात्रेत आहेत. शिवाय ते स्वतःचंच. प्रयोगशाळेत आम्ही हायड्रॉक्सिॲपेटाइटच्या, म्हणजे हाडातल्या खनिजाच्या, ठोकळ्यात पेशी पेरून यातलं थोडंफार साधायला वर्षं घालवली. कमरेला काही आठवडे दुखतं, काहींना जास्त काळ, हे लपवणार नाही. पण जुनं म्हणून ते कमी प्रतीचं नाही.

न चिरता काही होऊ शकतं का, हा भावाचा प्रश्नही रास्त आहे. फ्रान्समधल्या फिलिप एर्निगू यांनी २००५ मध्ये संसर्ग नसलेल्या, टोकं सुकलेल्या नडगीच्या ६० रुग्णांना त्यांच्याच कमरेतली मज्जा काढून, दाट करून फटीत टोचली. ५३ जणांचं हाड जुळलं. जुळलं नाही त्या सात जणांना मिळालेल्या मूळ पेशींची संख्या कमी होती. म्हणजे स्वतःच्या मज्जेचं इंजेक्शन ही भंपक कल्पना नाही. पण त्यात कुणी जनुक वगैरे चालू करत नाही, हाडांचा चांगला सर्जन ऑपरेशन थिएटरमध्ये ते करतो, आणि आधी संसर्ग नाही आणि रॉड घट्ट आहे याची खात्री करतो. तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, भावाच्या केसमध्ये हे बसतं का.

फट मोठी असेल किंवा संसर्ग निघाला तर इलिझारोव्हची रिंग, म्हणजे पायाभोवती बाहेरून बसवायची धातूची चौकट, सुचवतील. दिसायला ती भयंकर दिसते, घाबरू नका. सैबेरियातल्या कुर्गानमध्ये गावरिल इलिझारोव्ह यांनी ती विसाव्या शतकाच्या मध्यावर उभी केली. निरोगी जागी हाड कापून दिवसाला १ मिलिमीटर, तोही चार हप्त्यांत, इतक्या सावकाश ताणायचं. त्या संथ ताणाने पेशींमधली बीएमपीची आणि रक्तवाहिन्यांची जनुकं जागी होतात आणि फटीत नवं हाड येतं. जास्त वेगाने ताणलं तर हाड धरत नाही, फार हळू ताणलं तर वेळेआधीच जुळून बसतं. जनुकांचं नियमन पान्याने करायचं, असा हा प्रकार. मला तर हाडांच्या शास्त्रातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

खरी जनुक-चिकित्सा कुठवर आलीय हेही सांगते, कारण क्लिनिकवाले त्याचे फोटो दाखवतील. २०१७ मध्ये छोट्या जातीच्या डुकरांच्या नडगीतली सेंटिमीटरभर फट भरून काढली गेली. कोलेजन या प्रथिनाचा स्पंज ठेवून मूळ पेशी जमू दिल्या, दोन आठवड्यांनी बीएमपी-६ चं जनुक आणि सूक्ष्म बुडबुडे टोचले आणि अल्ट्रासाउंडने पेशींची दारं क्षणभर उघडून ते आत सोडलं. २०२२ मध्ये उंदीरवर्गातल्या प्राण्यांच्या मांडीच्या हाडात बीएमपी-२ चा एमआरएनए, म्हणजे जनुकाची तात्पुरती नक्कल, वापरला. एमआरएनए काही दिवसांत आपोआप संपतो, म्हणजे दार आपसूक बुजतं, हे त्यातलं खरं सौंदर्य. दोन्हीचे निकाल उत्तम. पण डुक्कर आणि उंदीर.

भारतात मोडलेल्या हाडासाठी मान्यताप्राप्त जनुक-चिकित्सा नाही. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असं काही करायचं तर ते रीतसर चाचणीतच. स्टेम सेलबद्दल २०१७ ची तत्त्वं सांगतात की रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर बाकीचा वापर मान्य चाचणीबाहेर करू नये. औषध नियंत्रकांची मान्यता मिळालेलं एखादं पेशींचं उत्पादन असेल, तर ती मान्यता कोणत्या आजारासाठी आहे ते कागदावर दाखवता आलं पाहिजे. म्हणून क्लिनिकमध्ये जाऊन एवढंच विचारा: सिरिंजमध्ये नेमकं काय आहे ते लिहून द्या, आणि ही चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला तिचा क्रमांक द्या. चाचणी असेल तर तपासल्या जाणाऱ्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. साडेचार लाख मागतायत म्हणजे ती चाचणी नाही, आणि चाचणीही नाही, कागदावर मान्यताही नाही, तर ते देता येत नाही. बऱ्याचदा सिरिंजमधून निघतो तो रुग्णाच्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट दाट केलेला द्रव, पीआरपी. तो वाईट नाही, पण त्याचे भाव वेगळे.

आत्यांना म्हणावं, भरधाव मोटारसायकलवरून पडल्यावर पक्कं हाडही मोडतं. घराण्यात हाडं कच्ची असतात तेव्हा लहानपणापासून, किरकोळ धक्क्याने, पुन्हा पुन्हा मोडतात. काहींच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो, दात लवकर झिजतात. यातलं काही नसेल तर लग्नाआधी जीनची टेस्ट कशाला? आत्यांना रस असेल तर एक उलटी गोष्ट सांगा. नेदरलँड्समध्ये उर्क नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथल्या काही घराण्यांत हाडं वाजवीपेक्षा जाड आणि दणकट. तपासलं तर स्क्लेरोस्टिनचं जनुक शाबूत! हरवला होता तो त्या जनुकापासून दूर असलेला डीएनएचा ५२ हजार अक्षरांचा तुकडा, ज्यात हाडात हे जनुक उघडणारं दार होतं. दार गेलं, ब्रेक गेला, हाड वाढत राहिलं, इतकं की कवटीतल्या नसा दाबून चेहरा लुळा पडतो, ऐकू येत नाही. स्क्लेरोस्टिन अडवणारं रोमोसोझुमॅब हे इंजेक्शन २०१९ पासून हाडं ठिसूळ झालेल्या वयस्क स्त्रियांना देतात. तेच नडगीच्या आणि खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये देऊन पाहिलं, तर जुळणं काही लवकर झालं नाही. एकच ब्रेक सोडून गाडी घाटात चढत नाही.

राहिली आई. ती डिंकाचे लाडू, नाचणीची भाकरी करत असेल तर करू द्या, प्रथिनं आणि चुना कशातूनही गेला तरी चांगलाच. सिगरेटचं मात्र तिला तुम्ही सांगू नका, भावाला सांगू द्या. चिडून तोंडघशी पाडलेला माणूस लपून दुप्पट ओढतो, हे मी पुष्कळ पाहिलंय. त्याला हे पत्र वाचायला द्या आणि धुराचा परिच्छेद बोट ठेवून दाखवा.

रक्ततपासण्या आणि एक्स-रेच्या दोन्ही बाजूंच्या प्रती मिळाल्या की तुमच्या डॉक्टरांकडे जा. त्यांच्याबद्दल शंकाच असेल तर जिल्ह्यातल्या किंवा पुण्या-मुंबईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या हाडांच्या ओपीडीत दुसरं मत घ्या, त्यात अपमान कुणाचा होत नाही. आणि सीटीआरआय क्रमांक मागितल्यावर क्लिनिकने काय उत्तर दिलं, ते मला जरूर कळवा.